भरल्या गाडीचं वजन

— नाही हो, मागच्या स्प्रिंगला सहावा पाटा नाहीये. मोजा ना. वाका असे, मी बॅटरी मारते. पाच दिसतात? पाचच. कंपनीने पाच दिले, पाचच आहेत. सहावा होता — आमच्या ह्यांनी घातला होता आणि ह्यांनीच काढला, तो तिकडे शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलाय. हवा तर घेऊन जा, मला काय करायचाय. पण गाडीला लावू नका. लावणार तुम्ही, तोंडावर दिसतंय तुमच्या. सगळेच लावतात. महाडपासून पोलादपूरपर्यंत सगळ्या गॅरेजवाल्यांचं एकच गणित — गाडी मागून बसली म्हणजे वजन जास्त झालं, एक पाटा घातला, बसायची थांबली, म्हणजे वजन मिटलं. अहो, वजन कुठे मिटतं? ते आहे तिथेच आहे, फक्त दिसायचं बंद होतं. ब्रेक तेच, ॲक्सल तोच, आरसीवरचा आकडा तोच. आणि पुढे तुमचा घाटही तोच. मी पंचायत समितीत हेड क्लार्क, मला कागदातलं कळतं, गाडीतलं नाही. पण तीन वर्षं ह्या घरात दुसरा विषय नव्हता, तेव्हा कान देऊन का होईना, शिकले.

या, सावलीत या. पोलादपूरहून बाइकवर आलात, ऊन काय कमी आहे? पाणी घ्या. फोनवर सांगितलं तेच परत सांगते, जितेशभाऊ, राग मानू नका — गाडी आहे तशी न्यायची आणि आज न्यायची. आज म्हणजे आजच. उद्या येतो, भावाला दाखवतो, मेकॅनिक आणतो, असं नको. उद्यावर गेलं की मी नाही म्हणेन. मला माझं माहीत आहे, आधी दोघांना नाही म्हटलंय. एक तर माणगावहून आला होता बिचारा, बायकोला घेऊन. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, विकायची नाही. त्याची बायको म्हणाली, मग जाहिरात कशाला दिलीत? काय सांगणार? म्हटलं, चूक झाली.

हां, तर बदल काय काय आहेत ते विचारलंत. एकेक सांगते. टायर — रुंद दिसतात ना? दिसतात, पण माप परवानगीतलं आहे, कंपनीने ह्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला दिलेलं. आधी ह्याहून मोठे घातले होते, ट्रॅक्टरसारखे, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की घासायचे. ते काढले. पुढे लोखंडी गार्ड होता — तो बंद आहे कायद्याने, काढला. टपावरचे ते चार दिवे — काढले. टपावरचं कॅरिअर नटबोल्टचं आहे, पान्याने निघतं, ते ठेवलं. मागे सामानाचा खण केलाय, बघा उघडून — असं नाही, आधी वर उचला, मग ओढा. हां. बघितलंत कसा सरकतो? आधी पत्र्याचा केला होता, मग ॲल्युमिनियमचा, आणि हा तिसरा, प्लायचा. खालच्या फळीला भोकं पाडलीत ती हवेसाठी नाहीत, वजन कमी करायला पाडलीत. लोक हसायचे. आमच्या शेजारचा सहदेव, तो गॅरेजवाला, तो म्हणायचा, दादा, भोकांनी वजन कमी होत असतं तर चाळण हवेत उडाली असती. पण हे आपले ड्रिल घेऊन बसलेले. कंपनीत फिटर होते ना, एमआयडीसीत, एकोणतीस वर्षं. हाताला सवय — माप म्हणजे माप.

आणि ह्या सगळ्याचे कागद आहेत. कुठली गोष्ट चालते, कुठली चालत नाही, हे पेणला आरटीओत जाऊन विचारून यायचे, तोंडी सांगितलेलं चालायचं नाही ह्यांना, लेखी द्या म्हणायचे. त्या साहेबांनी एकदा विचारलं म्हणे, अहो कांबळे, लोक करून मोकळे होतात आणि आम्ही पकडल्यावर येतात, तुम्ही करायच्या आधी कसे येता? तर हे म्हणाले, बायकोने सांगितलंय. — खरं आहे. मीच सांगितलं होतं. कायद्यात बसवा सगळं, मग मी गाडीत बसते. सहज बोलले मी. म्हणजे — सहज नाही.

पुरानंतर घेतली ही गाडी. एकवीस सालच्या. आम्ही तेव्हा खाली महाडात राहायचो, भाड्याने. दोन दिवस गच्चीवर काढले — हे, मी आणि सासूबाई, आणि खालच्या मजल्यावरचं एक कुटुंब. पाणी उतरल्यावर तो चिखल, तो वास, ते काही मी सांगत नाही, तुम्ही इथलेच आहात. मग इथे वर आलो, वीरच्या रस्त्याला, टेकाडावर, म्हटलं परत नको ते. तर गच्चीवर दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, उज्वले, आता मेले तर बोधगया ऱ्हायली माझी. एवढंच. हे ऐकत होते. हे बोलायचेच नाहीत. दोन महिन्यांनी ही गाडी दारात उभी. सेकंडहँड, फोर बाय फोर, मागे बसायला दोन सीट. मी ऑफिसातून आले तर सासूबाई हार घालतायत बॉनेटला. मला विचारलंसुद्धा नाही. दाखवली. बघ, म्हणाले, सांची, सारनाथ, बोधगया, कुशीनगर, पंचवीस दिवस, कुठेही थांबायचं, आपलं सगळं बरोबर, आईला पाहिजे तिथे पाहिजे तसं झोपता येईल. टपावर तंबू, मागे चूल, पाण्याची टाकी. आणि तू मस्त स्वयंपाक करशील, नदीच्या काठावर.

मस्त स्वयंपाक. बघा तुम्ही. सव्वीस वर्षं सकाळी पाचला उठून डबे केले, ऑफिस केलं, संध्याकाळी परत तेच, सुट्टी मिळाली पंचवीस दिवसांची तर काय, तर नदीच्या काठावर तेच. पण बोलले का मी? नाही. सासूबाई हार घालून उभ्या होत्या, त्यांच्यासमोर काय बोलणार? म्हटलं, छान आहे. म्हटलं, पण आधी कायद्यात बसवा.

ती वही? ती वजनाची वही आहे. बघा, बघायला काय. ह्यांच्या हातची. असं आहे — आरसीवर गाडीचं भरून वजन लिहिलेलं असतं. माणसं, सामान, डिझेल, पाणी, सगळं धरून. आपल्या गाडीचं दोन हजार दोनशे ऐंशी. ते वाढवता येत नाही. तुम्ही काहीही करा, पाटे घाला, टायर घाला, तो आकडा तोच. हे जेव्हा पेणहून कळून आलं ना, त्या दिवशी ह्यांनी ओट्यावर बसून गाडीवर चढवलेल्या एकेका वस्तूची यादी केली. कारण तोपर्यंत एवढं लोखंड चढवलं होतं की माणसांना जागाच उरली नव्हती. म्हणजे जागा होती, वजन नव्हतं. मग वही केली. दोन रकाने. एक त्यांचा — खण, तंबू, टाकी, जॅक, अवजारं, दोरखंड. एक माझा — भांडी, कपडे, अंथरुणं, सासूबाईंची औषधं, आणि आम्ही दोघी. त्यांच्या रकान्यातलं प्रत्येक वजन किराणाच्या दुकानात काट्यावर घालून केलेलं, स्क्रूच्या पिशवीसकट. माझा रकाना मला भरायला दिला. तुझं तू लिही, म्हणाले, मी तुझ्या वस्तूंना हात लावत नाही.

मग सुरू झालं. हे दर रविवारी बेरीज करायचे. जास्त आलं की काहीतरी काढायचे. तंबू हलका घेतला. टाकी साठ लिटरची चाळीसवर आणली. पत्र्याचा खण गेला, ॲल्युमिनियमचा आला. आता जमेल, म्हणायचे, आता जमतंय. आणि पुढच्या रविवारी परत दहा-वीस किलो वर. पाचवी-सहावी वेळ असेल, मी म्हटलं जाऊ दे ना, विका. तर म्हणाले, तू म्हणालीस ना कायद्यात बसव, बसवतो.

काय? — कुठला फरक? — पावती? हो, ती महिन्यापूर्वीची, एमआयडीसीजवळच्या वजनकाट्यावरची. तुमच्यासाठीच केली, म्हणजे जो कोणी घेईल त्याला दाखवायला. वहीत होतं ते सगळं सामान भरून, माणसं सोडून. सहदेव घेऊन गेला होता. दोन हजार ऐंशी आलं. — हो. वहीत एकवीसशे पाच आहे. — पंचवीस किलो, हो. — नाही, काट्यात गडबड नाही, त्या काट्यावरच्या कुशाबाने दोनदा चढवली गाडी, सहदेव सांगत होता. — नाही, सामान काही राहिलं नव्हतं. सगळं होतं.

द्या ती वही इकडे.

तुमची नजर चांगली आहे. ऑफिसात असतात तर बढती मिळाली असती. सहदेवच्या नाही लक्षात आलं. — माझ्या रकान्यातलं आहे ते. भांडी-कपडे-अंथरुणं सत्तर लिहिलंय ना? पंचेचाळीस आहे. पंचेचाळीसच होतं, पहिल्यापासून. आणि आमची वजनं बघा. मंजुळाबाई पन्नास. आमच्या सासूबाई कधी पन्नास होत्या? एक्केचाळीस. बाळंतपणातसुद्धा नसतील पन्नास. आणि उज्वला एकसष्ट. मी बावन्न किलो आहे, जितेशभाऊ. बायका वजन कमी करून सांगतात ना? मी वाढवून सांगितलं. हसा, हसा, मीही हसले होते लिहिताना. पहिल्यांदा म्हणजे नुसतं — कुकर मोठा घ्यावा लागेल, दोन किलो. मग पोळपाट. मग सासूबाईंना जाड गादी. प्रत्येक वेळी ह्यांनी काही काढलं की मी काही घातलं. कागदावर. मला वाटलं कंटाळतील. कुठलाही माणूस कंटाळला असता. मला न विचारता आणलेली गाडी, तिचा राग मी तोंडाने बोलले नाही, किलोत बोलले. सव्वीस वर्षं सरकारी कागद तपासले, एका आकड्याला कुणी बोट लावू शकलं नाही, आणि खोटा रकाना भरला तो घरचा.

एकदा म्हणाले, चल, आपण तिघं बसून गाडी काट्यावर नेऊ, एकदाच काय ते खरं कळेल. मी म्हटलं, मी काय सिमेंटची गोणी आहे काट्यावर चढायला? परत कधी म्हणाले नाहीत. त्यांना कळलं होतं का, हे मला नाही माहीत. नाही सांगता येत. कळलं असतं तर बोलले असते का? तेही नाही सांगता येत.

शेवटी चौदा राहिले. गेल्या दिवाळीच्या सुमाराला. त्यांच्या रकान्यातलं काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं, जॅक आणि पाना काढून तर जाता येत नाही. रविवारी बेरीज केली, चौदा किलो जास्त. मी आत भाकऱ्या थापत होते. तर दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, चौदाच ना? ते माझे घे. मला कळेना. म्हणाले, मी अठ्ठ्याहत्तर आहे, चौसष्ट होतो.

दुसऱ्या दिवसापासून भात सोडला. कापडे गावचा माणूस, जितेशभाऊ. घरचा भात, सासूबाई अजून दरवर्षी कापड्याला जाऊन स्वतः गोणी भरून आणतात, आणि हा माणूस ताटात भात घेईना. सासूबाई म्हणायच्या, गो उज्वले, ह्याला काय झालंय काय? रोग हाय का काय? मी म्हटलं, काही नाही, डाएट करतायत. पहाटे उठून चालायला जायचे, वीर स्टेशनपर्यंत आणि परत. रिक्षावाले ओळखायला लागले. किराणाच्या काट्यावर दर शनिवारी उभे राहायचे, तो दुकानदार भिकू चिठ्ठीवर लिहून द्यायचा, आणि ती चिठ्ठी इथे, ह्या वहीत — ही बघा. सत्तर. एकोणसत्तर. एकोणसत्तर. पँट सुटायला लागली, दोरी बांधायचे. मी बघत होते. मी रोज बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. भांडी पंचेचाळीसच आहेत हो. एवढंच. आज बोलू, उद्या बोलू. आणि खरं सांगू का — एव्हाना मला जायचंही होतं. तो माणूस पहाटे अंधारात टॉर्च घेऊन निघालेला बघून मला वाटायला लागलं, जावं. मी लीव्हचा अर्जसुद्धा लिहिला होता. दिला नव्हता. म्हटलं, आता लाज वाटते, आता होऊ दे त्यांचे चौदा, मग जाऊ, कशाला कळायला हवं.

अकरा झाले होते. तीन राहिले होते.

कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत. डबा उघडलेला होता. छातीत कळ आली. मला फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी रजेच्या बेरजा तपासत होते. — नाही नाही, डॉक्टर म्हणाले त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. मी विचारलं ना स्पष्ट. भात सोडला होता, चालायचे, वजन उतरलं होतं, ह्याने झालं का? म्हणाले, उलट बाई, ते चांगलंच केलं त्यांनी. असं म्हणाले. चांगलंच केलं.

ही शेवटची चिठ्ठी. सदुसष्ट. शनिवारची. ते मंगळवारी गेले.

राहू दे, राहू दे, मी ठीक आहे. तुम्हाला हे सगळं सांगायचं नव्हतं. तुम्ही गाडी घ्यायला आलात. — कोणाला नाही सांगितलं. सांगणार कोणाला? पुण्यानुमोदनाला दीडशे माणसं आली होती विहारात, प्रत्येकजण उठून बोलला ह्यांच्याबद्दल, कष्टाळू, शिस्तीचे, कायदा पाळणारे. मी बसून ऐकलं.

बरं, कामाचं बोलू. तुम्ही ट्रेकची माणसं नेणार म्हणालात, रायगड, प्रतापगड. आधी एक सांगते, पांढऱ्या नंबरपाटीवर भाड्याची माणसं नेता येत नाहीत, त्याला वेगळा परवाना. तुमचे मित्र असतील तर गोष्ट वेगळी, सगळे म्हणतातच मित्र. ते तुमचं तुम्ही बघा, मी तुमची सासू नाही. पण एक ऐका माझं. जे कोणी नेणार त्यांना सामानासकट एकदा काट्यावर न्या. सगळ्यांना. पाच मिनिटांचं काम आहे. आणि जो म्हणेल ना मी नाही येत काट्यावर, त्याच्या वजनाचं काही विचारू नका. त्याला एवढंच विचारा — बाबा, तुला यायचंय का. गाडीत बसवायच्या आधी विचारा. घेताना विचारलंत तर आणखी चांगलं.

नाही, मी कधी बसले नाही हिच्यात. एकदाही नाही. — मला? महाडपर्यंत? नको. तुम्ही चांगले आहात, पण नको. फॉर्म आणलेत ना? द्या. इथे सही, इथे, आणि मागे. गाडी माझ्या नावावर झालेली आहे, वारसाची, ते कागद ह्या पाकिटात. हे पाहिजे तर परत वाचा, मी थांबते. — वही नाही. वही मी देणार नाही. तंबू, टाकी, खण, सगळं न्या, ही नाही.

घ्या, झाली सही.

आता निघा. — नाही, चालू नका करू! थांबा. इथे नको. आत सासूबाईंचा डोळा लागलाय. जेवण झालं की तासभर पडतात, मी मुद्दाम तुम्हाला ह्याच वेळेला बोलावलं. त्यांना ऐकू कमी येतं, माझं बोलणं येत नाही, टीव्ही येत नाही, पण हिचं इंजिन येतं. सहदेव दर आठवड्याला चालू करून ठेवायचा, बॅटरी उतरू नये म्हणून. प्रत्येक वेळी त्या बाहेर आल्या. पांढरं पातळ नेसून, पिशवी घेऊन. पिशवी तयारच असते. निघालो का गो? म्हणतात. मुलगा गेला हे माहीत आहे त्यांना, तसं नाही, डोक्याने चांगल्या आहेत. म्हणतात, तो नाय तर नाय, गाडी तर हाय, कुणीतरी चालवील. काल परवाही म्हणाल्या. मी त्यांना काय उत्तर देऊ? तुमचंच वजन जास्त लिहिलं म्हणून सांगू? — नाही, विकतेय हे सांगितलेलं नाही. सांगेन. उठल्यावर सांगेन. बाकीचंही सांगेन, बघू. तुम्ही आधी जा.

उतार आहे रस्त्यापर्यंत. किल्ली फिरवून ठेवा म्हणजे स्टेअरिंग अडकणार नाही, इंजिन चालू करायचं नाही. न्यूट्रल. ब्रेक जड लागेल, घाबरू नका, जोरात दाबा. खाली आंब्याच्या पुढे वळण आहे, तिथे गेलात की मग चालू करा. मागे बघू नका. — बाइक राहू दे इथेच, उद्या कुणाला तरी पाठवा.

मी मागून लावते हात. अहो, येतं मला. बसा तुम्ही.

हँडब्रेक सोडा.